पासोपचा आवाज

नंदकिशोर आगाशेला जपानमध्ये कुणी एक गोष्ट दोनदा सांगितली नव्हती, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. अकरा वर्षांत त्याचा प्लॅस्टिकचा कचरा कधी जळाऊ कचऱ्याच्या दिवशी बाहेर गेला नाही, ट्रेनमध्ये त्याचा फोन वाजला नाही, कावासाकीच्या ऑफिसात त्याने कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नाही. टोकियोतल्या हिगाशी-कसाईत पुण्या-मुंबईहून नवं कुटुंब आलं की बायका तुरीची डाळ कुठे मिळते ते सिंधूला विचारायच्या आणि नवरे नंदकिशोरकडे धडे घ्यायचे. जिन्यात मोठ्याने बोलू नका, गॅलरीत उभं राहून आईशी फोनवर ओरडू नका, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याला काही खटकलं तर तो बोलणार नाही, तेव्हा न बोललेलं ऐकायला शिका. त्याचा मित्र उदय त्याला 'चालतीबोलती नियमावली' म्हणायचा. यात चेष्टा आहे हे नंदकिशोरला कळायचं, पण ती त्याला मनातून आवडायचीही.

अशा माणसाने २०१३च्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ऑफिसातून येताना तळमजल्यावरच्या टपालपेट्यांशेजारचा फलक वाचला आणि जिन्याकडे वळायचं सोडून तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. फलकावर एक नवा कागद होता. 'रहिवाशांना विनंती. घरातून येणाऱ्या रोजच्या आवाजांचा पहाटे आणि रात्री त्रास होत असल्याचं व्यवस्थापनाला कळवण्यात आलं आहे. सर्वांनी एकमेकांची काळजी घ्यावी.'

कुणी कळवलं, कसला आवाज, कुणाच्या घरातून, यातलं काहीही त्यात नव्हतं. इथली रीतच तशी आहे. चुकणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घराचा नंबर द्यायचा नाही, सगळ्या बत्तीस घरांना मिळून सांगायचं आणि ज्याचं त्याने मनाशी ओळखून गुपचूप सुधारायचं. नंदकिशोरला ही रीत फार सभ्य वाटायची. आपल्याकडे असतं तर चार जण दारात येऊन भांडले असते, असं तो नव्या मंडळींना सांगायचा. त्या दिवशी मात्र त्याने कागद तीनदा वाचला, आणि चौथ्यांदा वाचायची गरजच नव्हती. बत्तीस घरांत कुत्रा एकच होता, आणि तो त्याच्या घरी होता.

पासोप त्यांच्याकडे आला तो २०११च्या मार्चमध्ये, भूकंपानंतर आठव्या दिवशी. नंदकिशोरच्या ऑफिसात एरिक नावाचा नॉर्वेचा इंजिनियर होता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, अणुभट्टीच्या बातम्या ऐकून तिने जेवण सोडलं होतं, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या विमानात दोन जागा मिळाल्या होत्या. कुत्र्याची कागदपत्रं व्हायला वेळ नव्हता. एरिक कुत्रा, त्याचा पट्टा, ब्रश आणि टाइप केलेली चार पानं घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, दोनच आठवडे. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, मग त्याचं पत्र आलं की आम्ही आता परत येत नाही, कुत्रा तुमचाच. इमारतीत कुत्रा ठेवायला परवानगी होती, पण एका हमीपत्रावर सही करावी लागली. तक्रारी येत राहिल्या तर प्राणी दुसरीकडे हलवू, असं त्यात लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर नंदकिशोरने कुत्रा ठेवून घेतला तो मितालीसाठी. मिताली तेव्हा साडेसहा वर्षांची होती. भूकंपाच्या दिवशी ती शाळेत तीन तास टेबलाखाली बसून होती, आणि त्यानंतर ती एकटी बाथरूममध्येही जाईना. जरा कुठे दार वाजलं की टेबलाखाली. सिंधू तिला कुशीत घेऊन बसायची, पण आईच्या कुशीतही तिचे दात वाजायचे. पासोप आला त्या दुपारी एक धक्का बसला, मिताली टेबलाखाली शिरली, आणि हा राखाडी कुत्रा शांतपणे तिच्या मागोमाग आत जाऊन तिच्या अंगावर रेलून बसला. मिताली तिथेच झोपली. त्या दिवसापासून तो कुत्रा घरातलाच झाला.

एरिकची चार पानं नंदकिशोरने एखादं स्पेसिफिकेशन वाचावं तशी वाचली होती. नाव पासोप, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सावध राहा'. जात, नॉर्वेचा एल्कहाउंड. वजन तेवीस किलो, केसांचे दोन थर, वरचा खरखरीत आणि आतला लोकरीसारखा, बर्फात रात्र काढता यावी म्हणून. शेपूट पाठीवर घट्ट वळलेली. ही जात फार जुनी, शेतावर राखणीला आणि जंगलात शिकारीला. शिकार मूसची. मूस म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, घोड्याहून उंच, शिंगं फावड्यासारखी पसरट. एवढ्या धुडाला तेवीस किलोचा कुत्रा काय चावणार? तो चावतच नाही. माग काढताना तो हूं की चूं करत नाही, आणि मूस सापडला की त्याच्यासमोर पाय रोवून उभा राहतो आणि भुंकायला लागतो. मूस लाथ झाडतो, हा चेंडूसारखा मागे उडी मारतो आणि पुन्हा भुंकतो, एकाच ठेक्यात, तासतासभर. मूस त्या आवाजाकडे बघत जागच्या जागी खिळून राहतो. शिकारी कित्येकदा दोन-तीन किलोमीटर लांब असतो. त्या आवाजाच्या धाग्याने तो पोचतो. शेवटच्या पानावर एरिकने लिहिलं होतं: 'तो उगाच भुंकत नाही. एका जागी उभा राहून भुंकला तर त्याचा अर्थ, इथे आहे, मी धरून ठेवलंय, या. त्याला गप्प बसायला सांगू नका. उठून जा आणि बघा.'

नंदकिशोरने बाकी सगळं अक्षरशः पाळलं. रोज पाच किलोमीटर चालणं, आठवड्यातून दोनदा ब्रश. वसंतात एवढे केस निघायचे की सिंधू म्हणायची, यातून दुसरा कुत्रा बनवता येईल. बागेत भेटणारा प्रत्येक म्हातारा 'अकिता का?' असं विचारायचा, आणि नंदकिशोर हसून नॉर्वे, मूस, दोन थर, हे सगळं जपानीत सांगायचा. तोही एक त्याच्या अभिमानाचा विषय झाला होता. शेवटचं वाक्य तेवढं त्याने पाळलं नाही, कारण हिगाशी-कसाईच्या तिसऱ्या मजल्यावर मूस कुठून येणार?

पासोप तसा अडीच वर्षं फारसा भुंकलाही नाही. धक्का बसला तर चार-पाचदा, टपालवाल्याला एकदा. त्याचं भुंकणं वाढलं ते या ऑगस्टपासून. आणि गंमत अशी की तो भुंकायचा स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कोपऱ्याकडे तोंड करून. तिथे तांदळाची गोणी होती, कांद्यांची टोपली होती, आणि भारतातल्या मिक्सरसाठी घेतलेला ट्रान्सफॉर्मर होता. जपानच्या शंभर व्होल्टवर आपला मिक्सर नुसता कण्हतो, म्हणून असा एक लोखंडी ठोकळा इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो. आगाशांचा जुना जळला तेव्हा जवळच्या फुनाबोरीहून भारतात परत जाणाऱ्या एका कुटुंबाने त्यांचा भलामोठा, अठरा किलोचा, देऊन टाकला होता. त्याचं बटण मागच्या बाजूला होतं. रोज गोणी सरकवून कोण वाकणार, म्हणून तो चालूच असायचा.

मिक्सर लागला की पासोप चेकाळायचा. पुढचे पाय रोवून, शेपूट ताणून, एका ठेक्यात भुंकायचा आणि मागे उड्या मारायचा. सुरुवातीला सगळे हसले. "आपला मिक्सर म्हणजे याचा मूस," सिंधू म्हणाली. पण मिक्सर बंद झाल्यावरही तो कोपऱ्यासमोरून हलायचा नाही. पहाटे पाच वाजता, सगळं सामसूम असताना, उठून तिथे जायचा आणि त्या कोपऱ्यावर भुंकायचा. नंदकिशोर त्याला ओढत खोलीत आणायचा. भूकंपाने याच्याही डोक्यावर परिणाम झालाय, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

कागद लागला त्या दिवसापासून त्याने उपाय सुरू केले. पासोपला मागच्या खोलीत कोंडलं, तर तो दारावर पंजे मारून दुप्पट भुंकला. भुंकलं की वास सोडणारा पट्टा आणला. पासोपला त्या वासाने शिंका यायच्या, शिंकून झालं की तो पुन्हा भुंकायचा. तीन आठवड्यांनी फलकावर दुसरा कागद लागला. मजकूर तोच, फक्त 'पहाटे आणि रात्री' या शब्दांखाली लाल रेघ होती. ती लाल रेघ नंदकिशोरच्या डोळ्यांपुढून हलेना. ऑफिसात मीटिंगमध्ये कुणी लाल पेन उचललं तरी त्याला घाम फुटायचा. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या सुगावारा-सान भेटल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांनी नेहमीसारखं वाकून नमस्कार केला आणि पासोपच्या डोक्यावर हात ठेवला. नंदकिशोरला वाटलं, बघा, मनात एवढा त्रास असून चेहऱ्यावर किती सभ्यता. त्याने त्यांच्याहून खाली वाकून नमस्कार केला आणि झटकन वर आला.

"अरे, मग जाऊन विचार ना त्यांना," सिंधू म्हणाली. "एक जिना उतरायचाय. म्हणावं, आमच्या कुत्र्याचा त्रास होतो का? किती वाजता होतो? काय करू?"

"असं विचारत नाहीत इथे."

"का नाही विचारत?"

"विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागतं. म्हणजे त्यांना आपण खोटं बोलायला लावतो. आणि तक्रार कुणी केली ते शोधायला आलो असंही वाटतं. तुला नाही कळणार, सिंधू. तेवढं न बोलता समजून घ्यायचं असतं."

"मला खरंच नाही कळत," सिंधू म्हणाली. "इथे येऊन अकरा वर्षं झाली, आणि खाली कोण राहतं त्यांचं पहिलं नाव आपल्याला माहीत नाही."

हमीपत्र कपाटात होतं. तिसरा कागद लागला की पासोपला हलवावं लागणार, हे नंदकिशोर धरून चालला होता. दोन कुटुंबांना त्याने विचारून पाहिलं, दोघांनीही तेवीस किलो ऐकून हात जोडले. उरलं असतं ते मोकाट कुत्र्यांचं सरकारी केंद्र, आणि तिथे आठ वर्षांच्या परदेशी कुत्र्याचं काय होतं ते त्याला विचारवेना. मिताली अजूनही एक हात पासोपच्या मानेच्या केसांत खुपसूनच झोपायची. कुत्रा जाणार नाही, असा शब्द त्याने तिला दिला होता.

तेव्हा इंटरनेटवर त्याला ती शस्त्रक्रिया सापडली. घशातल्या स्वरपट्ट्या कापायच्या. कुत्रा भुंकतो, पण आवाज निघत नाही. दोन दवाखान्यांनी नकार दिला. तिसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी बराच वेळ पासोपच्या गळ्यावर हात फिरवला आणि विचारलं, "दुसरा काहीच मार्ग नाही का?" नंदकिशोर म्हणाला, "नाही." हा प्रश्न म्हणजे इथल्या भाषेत नकोच असं सुचवणं होतं, आणि न बोललेलं ऐकणाऱ्या आपल्या नियमावलीला ते बरोबर ऐकू आलं होतं. तरी त्याने सही केली.

मितालीला सांगितलं की पासोपच्या घशात गाठ झाली होती. हे नंदकिशोरने ठरवलं. सिंधू म्हणाली, "तिला खोटं सांगू नकोस. कापायचंच असेल तर काप, पण तिला सांग." तो म्हणाला, "मोठी झाली की सांगू." ऑपरेशनच्या दिवशी सिंधूने मिक्सरला हात लावला नाही आणि त्याच्याशी धड बोललीही नाही.

पासोप चार दिवसांनी घरी आला. मितालीने त्याच्या औषधांचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं आणि ते डॉक्टरच्या वरताण पाळलं. पाचव्या दिवशी पहाटे तो उठला, स्वयंपाकघरात गेला, कोपऱ्यासमोर पाय रोवून उभा राहिला आणि भुंकला. आवाज आला तो बोथट करवतीने ओलं लाकूड कापावं तसा, दोन खोल्यांपलीकडे न पोचणारा. पासोप थबकला. त्याने मागे वळून पाहिलं, जणू हे कुणी केलं ते त्याला बघायचं होतं. मग पुन्हा कोपऱ्याकडे तोंड करून त्याच ठेक्यात सुरू झाला, फक्त छाती हलत होती आणि जबडा उघडमीट होत होता. नंदकिशोर दारात उभा होता. त्याला रडू आलं, आणि रडताना त्याला स्वतःचाच राग आला, कारण रडायचा हक्क त्याने सही करून घालवला होता.

"आवाज परत येणार?" मितालीने जपानीत विचारलं. ती हल्ली घरात जपानीतच बोलायची.

"येईल हळूहळू," तो मराठीत म्हणाला.

"गाठ सगळी काढली ना?"

"हो, सगळी."

मितालीने मान डोलावली आणि पासोपच्या गळ्यावरच्या भादरलेल्या जागेवर फुंकर घातली. तिचा बापावर पूर्ण विश्वास होता, आणि नंदकिशोरला तो नजरेसमोर नको झाला होता.

निदान एक काळजी मिटली, असं तो स्वतःला सांगत राहिला. नोव्हेंबरच्या मध्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी तो टपालपेट्यांपाशी आला, तर फलकावर तिसरा कागद होता. तोच मजकूर. खाली एक ओळ जास्त. 'ऑक्टोबरपासून दोनदा विनंती करूनही आवाज कमी झाला नसल्याचं कळवण्यात आलं आहे.'

नंदकिशोर त्या ओळीकडे बघत उभा राहिला. मागून आलेल्या एका तरुणाने 'माफ करा' म्हणत हात घालून आपली टपालपेटी उघडली, तरी तो बाजूला झाला नाही. कमी झाला नसल्याचं. कुत्र्याला आवाजच नव्हता, तर कमी काय व्हायचं राहिलं होतं?

शनिवारी सकाळी तो इमारतीच्या केअरटेकरच्या खिडकीशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा जपानमध्ये सरळ प्रश्न विचारला. "ही तक्रार माझ्या कुत्र्याबद्दल आहे का?"

केअरटेकर म्हातारा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तसं सांगता येत नाही, आगाशे-सान."

"मला माहीत आहे सांगता येत नाही. तरी सांगा."

म्हाताऱ्याने घशातून एक लांब आवाज काढला, जो इथे अवघड प्रश्नाला काढतात. मग हळू आवाजात म्हणाला, "कुत्रा नाही हो. छतातून एक खर्जातला आवाज येतो म्हणे, अखंड. गुणगुणल्यासारखा. कुठलं यंत्र असावं. कुत्र्याचा त्रास नाही असं पत्रात मुद्दाम लिहिलेलं होतं, पण आम्ही फलकावर ते कसं लिहिणार? मग कुत्रा म्हटलं की तुमचंच नाव झालं असतं."

नंदकिशोर जिना चढून घरी आला. सिंधू बाजारात गेली होती. तो स्वयंपाकघरात गेला, गोणी सरकवली, गुडघ्यांवर बसला आणि हाताचा तळवा जमिनीवर टेकला. जमीन थरथरत होती. इतकी बारीक की चपला घालून कधीच कळली नसती, पण तळव्यातून ती कोपरापर्यंत चढली. ट्रान्सफॉर्मर ऑगस्टपासून रात्रंदिवस घुमत होता आणि माणसांच्या कानांना त्याची सवय होऊन गेली होती. मागे नखांचा आवाज आला. पासोप येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला, पाय रोवले आणि त्या लोखंडी ठोकळ्याकडे बघून आपलं मुकं भुंकणं सुरू केलं.

नंदकिशोरने हात मागे घालून बटण बंद केलं. घर एकदम रितं झाल्यासारखं शांत झालं. पासोप थांबला. कान हलवले, दोन पावलं पुढे येऊन त्या ठोकळ्याचा वास घेतला. मग तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात पाय पसरून आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. नंदकिशोर त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिला. आपण काय केलं ते त्याला आता नीट, एकेका तपशिलासकट, दिसत होतं, आणि त्यात दोष द्यायला दुसरं कुणीही नव्हतं.

अकरा वाजता तो स्टेशनजवळच्या दुकानातून मिठाईचा डबा घेऊन आला. माफी मागायला जाताना काय न्यायचं आणि ते किती थरांच्या कागदात बांधायचं हे त्याला पाठ होतं. मितालीने विचारलं, "खाली जातोयस? मी येते. पासोपलाही आणते, सुगावारा-सानना तो आवडतो." नको म्हणायला कारण न सुचून त्याने पासोपचा पट्टा स्वतःच्या हातात घेतला.

सुगावारा-साननी दार उघडलं आणि डबा बघून दोन्ही हात हलवले. नंदकिशोरने वाकून, योग्य त्या शब्दांत, ट्रान्सफॉर्मरची हकीकत सांगितली. आजपासून तो बंद, मिक्सर जपानी घेऊ, इतके दिवस त्रास झाला त्याबद्दल क्षमा. बाईंच्या चेहऱ्यावर असा काही सुटकेचा भाव आला की त्या उंबऱ्याशीच खाली बसल्या.

"यंत्रच होतं ना," त्या म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं की माझ्याच डोक्यात आहे. मी मियागीची. आमचं घर समुद्राकाठी होतं, लाटेने नेलं. भूकंपाच्या दिवशी हलायच्या आधी जमिनीतून असाच आवाज आला होता, खालून, घुमल्यासारखा. मुलाने ही जागा घेऊन दिली. ऑगस्टपासून रोज पहाटे तो आवाज ऐकून मी उठायचे आणि दार उघडं ठेवून चपला घालून बसायचे." त्यांनी पासोपपुढे हात केला. "तेव्हा हा वरून भुंकायचा. मला एवढं बरं वाटायचं. म्हणजे मी एकटीच ऐकत नाही, वर आणखी कुणाला तरी ऐकू येतंय. पत्रात मी लिहिलं होतं, कुत्र्याला काही म्हणू नका." मग त्यांनी वर पाहिलं. "हल्ली भुंकत नाही हा. बरं नाही का त्याला?"

"घशात गाठ झाली होती," मिताली स्वच्छ, सुरेख जपानीत म्हणाली. "पण डॉक्टरांनी सगळी काढली. आवाज परत येणार आहे. बाबांनी वेळेवर नेलं म्हणून तो वाचला."

"बिचारा," सुगावारा-सान म्हणाल्या. "नशीब, तुझे बाबा चांगले आहेत."

इथे गप्प बसणं सोपं होतं. नुसतं वाकायचं, डबा पुढे सरकवायचा आणि निघायचं. दोघीही समाधानी होत्या, आणि खरं बोलून पासोपचा आवाज काही परत येणार नव्हता. न बोलण्याची कला नंदकिशोरने अकरा वर्षं घोटली होती. त्याने तोंड उघडलं तेव्हा त्यालाच माहीत नव्हतं की तो काय बोलणार आहे.

"गाठ नव्हती," तो जपानीत म्हणाला, दोघींना कळावं म्हणून. "कागद वाचून मला वाटलं, तक्रार याच्याबद्दल आहे. मी कुणाला विचारलं नाही. याचा आवाज मी कापून घेतला. तो परत येणार नाही."

 सुगावारा-साननी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत त्या वाकल्या. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मी वर येऊन सांगायला हवं होतं. पत्र लिहिलं. माझ्यामुळे झालं."

"नाही, नाही, तुम्ही उठा," नंदकिशोर मराठीतच म्हणाला. जपानी त्याला एक शब्द आठवेना. तो खाली बसून त्यांना उठवू लागला, आणि त्या उठेनात.

मितालीने त्याच्या हातातला पट्टा सोडवून घेतला. ती रडत नव्हती. ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू दार उघडलं आणि समोर भलताच माणूस उभा आहे.

"तो सांगत होता, बाबा," ती मराठीत म्हणाली. "रोज सांगत होता."

ती पासोपला घेऊन जिना चढून गेली. नंदकिशोर सुगावारा-सानच्या दारात गुडघ्यांवर तसाच होता. वरच्या मजल्यावर त्यांचं दार उघडल्याचं, मग लागल्याचं त्याने ऐकलं, आणि त्यानंतर मितालीने आतून साखळी लावली तेही ऐकलं.